आधीच्या गाडीने

१६ ऑगस्ट, चकलांबा

नंबर लागला. एकदा नाही, दोनदा लागला. ऑल इंडियाच्या यादीत एक कॉलेज आणि राज्याच्या यादीत दुसरं. गल्लीत पेढे वाटून झाले. शेजारच्या भिवराबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गल्लीतली कार्टी आत्तापासूनच "डॉक्टरीणबाई, पोटात दुखायलंय" म्हणून पिडायला लागली आहेत.

पप्पांनी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. मग एक आईच्या फोटोपुढे लावली. ती विझली. खिडकी बंद होती. पुन्हा लावली, पुन्हा विझली. "वात खराब हाय," म्हणाले आणि काड्यापेटी खिशात टाकून बाहेर गेले.

दोन्ही कॉलेजांची नावं इथं लिहिणार नाही. नाव लिहिलं की ठरल्यासारखं वाटतं. एक इकडचं, एक तिकडचं. इकडचं एसटीने काही तासांवर, जुनं, नावाजलेलं, पेशंटची ही गर्दी. तिकडचं कोकणात, समुद्राजवळ, नवंकोरं. निम्मी इमारत अजून बांधतायत. कुणीही शहाणा माणूस डोळे झाकून इकडचं घेईल.

पण इकडच्या कॉलेजात आई आहे.

लिहून टाकलं एकदाचं. आई तिथे नोकरीला नाही. फेब्रुवारीत ती गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे पप्पांनी तिचं देहदान केलं. तेव्हापासून ती तिथल्या अ‍ॅनाटॉमी विभागात आहे. पहिल्या वर्षाची मुलं ज्यांच्यावर शिकतात त्यांतली एक माझी आई असेल, आणि शिकणाऱ्यांतली एक मी.

पप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. जेवताना आपणहूनच म्हणाले, "तिकडंच जा. समुद्र बग. आमी कुठं पायलाय समुद्र?" मला इतकं बरं वाटलं की मी एक भाकरी जास्त खाल्ली.

१७ ऑगस्ट

आज आईबद्दल लिहायचं ठरवलंय, कारण दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आईचं नाव दगडाबाई. तिच्या आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आजीने हे नाव ठेवलं, निदान ही तरी टिकावी म्हणून. टिकली सेहेचाळीस वर्षं. चकलांब्यात आशाताई होती. गावातल्या बाया बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात न्यायची, नको म्हणणाऱ्या सासवांना झापायची. स्वतःच्या छातीत कळ आली तर म्हणे पित्त झालंय.

देहदानाचं खूळ तिच्या डोक्यात चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात शिरलं. एक डॉक्टर बोलायला आले होते. पप्पा झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतात, अंगात आलेल्या बायांना भर जत्रेत प्रश्न विचारतात, पण हे ऐकून तेच गडबडले. आई म्हणाली, "मी काय सातवीच्या फुडं शिकले न्हाई. निदान पोरं माज्यावर शिकतील."

तिची एक सवय होती. मी कुठंही जाणार असले की ती माझ्या आधी तिथे पोचायची. दहावीचं सेंटर गेवराईला होतं. मी पप्पांच्या मोटारसायकलवर गेले, आणि ही आधीच्या गाडीने येऊन गेटपाशी पदर खोचून उभी. लातूरला क्लास लावला तेव्हा आदल्या दिवशीच जाऊन माझी खोली झाडून बसली होती. पप्पा हसायचे. ती म्हणायची, "परक्या गावात पोरगी उतरली, तर वळखीचं कुनीतरी उभं पायजे." आणि मी उतरले की आधी माझा हात धरायची, मग पिशवी.

फेब्रुवारीत मी लातूरहून आले तेव्हा स्टँडवर ती नव्हती. देह लवकर द्यावा लागतो. मी पोचण्याआधीच कॉलेजची गाडी तिला घेऊन गेली होती. मी आईला शेवटचं पाहिलंच नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी पप्पांशी धड बोलले नाही. थांबवायला हवी होती गाडी. अजूनही मला तसंच वाटतं.

तिच्या डाव्या मनगटावर अर्धं गोंदण आहे. लहानपणी जत्रेत गोंदवताना दुखलं म्हणून तिने हात हिसकला. फुलाच्या तीनच पाकळ्या झाल्या आणि सुई घसरून एक रेघ कोपराकडे ओढली गेली. लहानपणी मी त्या रेघेवरून बोट फिरवत झोपायचे. देह कुणाचा हे तिथे सांगत नाहीत, औषधाने चेहराही बदलतो म्हणे. गोंदण मात्र राहतं. मी शोधून वाचलंय.

म्हणून इकडचं नको.

२० ऑगस्ट

आईच्या चपला अजून दाराशीच आहेत. काळ्या, जाड तळाच्या, एका अंगठ्याचा पट्टा पोपटी दोऱ्याने शिवलेला. चांभाराकडे काळा दोरा नव्हता आणि आईला घाई होती. तो पट्टा सैल असल्यामुळे ती चालली की चट चट आवाज यायचा. पप्पा त्या रोज सकाळी फडक्याने पुसतात. विज्ञानाचे शिक्षक!

आज भिवराबाई ओट्यावर येऊन बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण गावात काय चाललंय ते सगळं ठाऊक. आईची आणि त्यांची जिवाभावाची मैत्री. मला म्हणाल्या, "पौर्णिमे, माती न्हाई झाली तुज्या आईची. बाई हितंच हाय. रोज सकाळी आवाज येतो बग मला, चट चट, चट चट. न्हाणीपतुर जाती, माघारी येती."

मी म्हटलं, "भिवराकाकू, घूस असंल."

"घुशीला चप्पल कोन घालतंय?" म्हणाल्या.

मला हसू आलं.

२१ ऑगस्ट

सकाळी चहा टाकला होता. पप्पा शाळेत गेलेले. चट चट असा आवाज आला. न्हाणीपर्यंत गेला आणि परत आला.

गॅस बारीक केला आणि बाहेर जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. काल मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या चपला दाराकडे तोंड करून होत्या, कुणी घालून निघण्याच्या बेतात असावं तशा. पप्पांनी पुसताना फिरवल्या असतील. असं होतं, माणूस ऐकलेलं ऐकू लागतो.

चहा उतू गेला.

२३ ऑगस्ट, शनिवार

जेवताना पप्पांना फोन आला. नंबर बघून अंगणात गेले. लिंबाखाली उभे राहून बोलत होते. मला तुकडे ऐकू आले. "हो सर... न्हाई, हरकत कशाची... तिची काय ना असणार... कुठं म्हणलात?" मग, "उद्याच?"

आत आले आणि ताट सरकवलं.

"कोण होतं?"

"केंद्रप्रमुख."

"बदली का?"

"व्हय," म्हणाले. मग म्हणाले, "न्हाई, न्हाई. माजी न्हाई."

२४ ऑगस्ट, रविवार

पप्पा बीडला मीटिंगला गेले. पहिल्याच गाडीने, लग्नाकार्याला घालतात तो पांढरा शर्ट घालून.

दिवेलागणीला आले. अंगाला कसलातरी उग्र वास होता, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. मला जवळ येऊ दिलं नाही, स्वतःच शर्ट धुतला. डोळे लाल होते. जेवायला बसल्यावर भाताकडे बघत म्हणाले, "पौर्णिमा, इकडंच घे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कावून? परवापर्यंत तर समुद्र बग म्हणत होतात."

"जुनं कॉलेज हाय. पेशंट लई. तिकडं बिल्डिंग बी न्हाई धड. शिकशील काय, वाळूत?"

"आणि आई?"

"तिचं मनात आणू नको. इकडं ती तुज्या आड न्हाई यायची."

मला भयंकर राग आला. माणूस एकटा पडला की काय काय बोलतो! मीटिंग नव्हतीच, मला कळलं. ते आईच्या कॉलेजला जाऊन आले. तिथे गेले आणि ढेपाळले. आता त्यांना वाटतंय बायको आणि मुलगी एकाच गावात असलेल्या बऱ्या, एका खेपेत दोघींची भेट. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मी तिच्यावर चाकू चालवलेला चालंल तुमाला?"

पप्पांनी भाताचा घास खाली ठेवला. "तेच नको म्हणून सांगायलोय," म्हणाले, आणि उठून गेले.

काहीच्या काही. तेच नको तर मग इकडचं कशाला?

२५ ऑगस्ट

चपला नाहीत. दाराशी नाहीत, माळ्यावर नाहीत, न्हाणीत नाहीत.

पप्पांना विचारलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "दिल्या. गरज होती."

"कुणाला?"

"होती एकीला."

इतके महिने पुसल्या आणि एका दिवसात देऊन टाकल्या. मला विचारायचं तरी. ओट्यावर येऊन रडले. भिवराबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "रडू नगं माय. गेली ती."

"कोण गेली?"

"दगडा. काल सकाळी पहिल्या गाडीला. तुजा बाप, जालिंदर, संगं होता तिला सोडाया."

"तुमाला दिसली?"

"मला काय दिसतंय? चपलेचा आवाज वळखला. चट चट करीत फाट्याकडं गेली. मी इचारलं, दगडा, कुठं गं इतक्या बिगीबिगी? तर म्हणली, पोरीच्या आदी पोचाया पायजे, लई लांब हाय."

माझ्या हातावर काटा आला. मी काटा चोळून घालवला. म्हातारीला पप्पांच्या पावलांचा आवाज आला असणार आणि बाकीचं तिच्या मनाने जोडलं. चपला पप्पांनी पिशवीत घातल्या असतील, त्यांचा आवाज व्हायचं कारण नाही, पण पप्पांच्या बुटांचा होतो.

त्यांचे बूट रबरी आहेत. असो.

२७ ऑगस्ट

सकाळी आवाज येत नाही. मी मुद्दाम चहा टाकून ऐकत उभी राहते. काही नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाही. फेब्रुवारीत घर रिकामं झालं असं सगळे म्हणत होते, मला ते आत्ता वाटतंय. आज आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. शेवटपर्यंत जळली, ज्योत हललीसुद्धा नाही.

२९ ऑगस्ट

कळवायची मुदत संपत आली. तिकडचं ठेवलं, इकडचं सोडलं.

खरं ते लिहिते. मी भित्री आहे. पोरं माझ्यावर शिकतील म्हणणाऱ्या बाईची मुलगी, आणि तिला त्या खोलीत पाऊल ठेवायची हिंमत नाही. जुनं कॉलेज, तो अनुभव, ते सगळं मी एका गोंदणाला घाबरून सोडलं. पुढे कधी पस्तावले तर हे पान वाचावं.

पप्पांना सांगितलं तेव्हा ते वह्या तपासत होते. लाल पेन तसंच धरून बसले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी आईच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू आयकणार न्हाईस, ते तिला आदीच कळलं असंल."

७ सप्टेंबर

निघाले. गाडीत लिहितेय, अक्षर वाचता येईल तर नशीब.

गेवराईच्या स्टँडवर पप्पा सोडायला आले होते. ट्रंक टपावर चढवली, पाण्याची बाटली दिली, खिडकीशी उभे राहिले. तीनतीनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "जेवत जा" एवढंच म्हणाले. मग गाडी मागे जायला लागली तेव्हा गजाला धरून म्हणाले, "पौर्णिमा, तिकडं आपलं कुणी न्हाई असं समजू नको."

"कोण हाय तिकडं?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. पप्पा काहीतरी बोलले, ओठ हललेले दिसले. मग ते गाडीबरोबर चालायला लागले, आणि मग थांबले. एवढे वाकलेले ते मला कधी दिसले नव्हते.

९ सप्टेंबर

काल उजाडताना पोचले. हवेला मीठ आहे. अंग चिकचिकतं. समुद्र अजून पाहिला नाही, ऐकला.

गाडीतून उतरताना सवयीने डावा हात पुढे केला. लातूरला आई असायची म्हणून लागलेली सवय. हात कुणीतरी धरला. पक्का, गार, ओलसर. मी खाली उतरून पाहिलं तर समोर फक्त रिकामा स्टँड आणि एक कुत्रं. रात्रभर खिडकीचा गज धरून बसले होते, हात बधिर झाला असणार. बधिर हाताला असं वाटू शकतं.

होस्टेलची खोली स्वच्छ झाडलेली होती, केरसुणीच्या रेघा फरशीवर दिसत होत्या. माझ्या खोलीत राजनंदिनी आहे, आमच्याच जिल्ह्यातली, युसूफ वडगावची. म्हणाली, "किती चकाचक केलंस गं!" मी म्हटलं, मी तर आत्ता येतेय. ती म्हणाली, मीसुद्धा. आम्ही दोघींनी ठरवलं की सफाईवाल्या मावशी चांगल्या आहेत.

संध्याकाळी मावशी आल्या आणि या मजल्यावर अजून झाडलं नाही म्हणून माफी मागून गेल्या.

१२ सप्टेंबर

आज डिसेक्शन हॉल दाखवला.

मी सकाळी छान होते. राजनंदिनी घाबरली होती, मी तिला धीर देत होते. आपल्याला काय, म्हटलं, आपलं इथं कुणी ओळखीचं नाही. हॉलच्या पायरीवर आलो आणि तो वास आला, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. पप्पांच्या शर्टाचा.

उंबऱ्याशी चपला होत्या. काळ्या, जाड तळाच्या. पोपटी दोरा.

मुलं आत गेली. मी तिथेच उभी. हॉलचं काम बघणारे एक मामा आहेत, ते म्हणाले, "काय गं पोरी, चक्कर येते का?" मी चपलांकडे बोट केलं. म्हणाले, "त्या होय? आमचं कॉलेज नवीन, देह कमी पडतात. गेल्या महिन्यात मराठवाड्यातून आले थोडे, परवानगी काढून. त्या गाडीत या चपला होत्या. ड्रायव्हर म्हणाला, एका माणसाने हात जोडून दिल्यात, दारात ठेवा म्हणून. टाकून द्यायला मन होत नाही." मग म्हणाले, "मी कपाटामागे ठेवतो. सकाळी कुलूप काढलं की इथं असतात. कोण आणून ठेवतं, कळत नाही."

चपलांचं तोंड बाहेर होतं. येणाऱ्याकडे.

मी आत गेले. पळून जाता आलं असतं, पाय तयार होते. पण मी चुकले होते ते माझ्या एकदम लक्षात आलं: फोन, रविवारची मीटिंग, तेच नको म्हणून सांगायलोय. मी गावाकडचं कॉलेज सोडलं तेव्हा आई तिथे नव्हतीच, ती आधीच इथे आली होती. पप्पांनी मला तिच्यापासून वाचवायचा केवढा आटापिटा केला, आणि मी त्यांना काय काय बोलले!

सगळ्यांनी देहांना नमस्कार करून शपथ घेतली. आम्ही यांचा मान राखू, यांनी दिलेलं वाया घालवणार नाही, असं काहीसं. मग आम्हाला टेबलं वाटून दिली. आमच्या टेबलावर पांढरी चादर होती आणि चादरीबाहेर एक डावा हात आलेला होता. बाकी कुठल्याच टेबलावर हात बाहेर नव्हता.

तीन पाकळ्या. आणि कोपराकडे ओढली गेलेली रेघ.

मी ओरडले नाही. ओरडेन असं वाटलं होतं मला इतके दिवस. मला आधी भीती वाटली, मग इतकं रडू आलं की राजनंदिनी मला धरायला धावली, आणि त्या रडण्यात चक्क बरं वाटत होतं. मी आईला पाहिलं नव्हतं ना! रेघेवरून बोट फिरवलं, मनगटापासून वर. हात गार होता आणि कडक. रंग तिचा नव्हता. रेघ तिची होती.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला. त्यांनी हॅलो म्हटलं नाही, जेवलीस का विचारलं नाही.

"भेट झाली?"

"झाली."

मग म्हणाले, "टेबलं चार-पाच असतील, तुज्या वाट्याला येईलच असं न्हाई, म्हणून गप बसलो. सांगाया तोंड उगडायचो आन् शब्दच फुटंना. चुकलं माजं."

"न्हाई पप्पा. माझं चुकलं."

"चप्पल हाय का?"

"हाय. दारात हाय."

"परक्या गावात अनवाणी कशी जाईल म्हणून दिली," म्हणाले, आणि जत्रेत प्रश्न विचारणारा माझा बाप फोनवर ढसाढसा रडायला लागला.

सोमवारपासून हाताचं शिकवणं सुरू होणार आहे, शरीराची सुरुवात तिथूनच करतात. हॉलमधून निघण्याआधी सर म्हणाले होते, कुणाला टेबल बदलून हवं असेल तर आजच सांगा. राजनंदिनीने माझ्याकडे पाहिलं. मी बदल मागितला नाही. मग सरांनी विचारलं, कोण कुठल्या बाजूला उभं राहणार.

मी डावी बाजू मागून घेतली.